भरतीचं कुबड

रंगूबाईच्या पाठीत काय होतं, ते मला विचारा. दुसऱ्या कुणाला विचाराल तर थापा ऐकाल. मी शेवंती. रोज संध्याकाळी ती पाण्याला निघाली की मी मिठागरावरून तिच्या मागोमाग चालत घरी यायचे. तिची पाठ माझ्याइतकी कुणी पाहिली नसेल, तिच्या नवऱ्यानंसुद्धा नाही. तो बिचारा लवकरच गेला.

आमचं मिठागर ठाण्याच्या खाडीत. लांबलचक बांध, त्याच्या आतल्या टोकाला रंगूबाईचं खोपट आणि बाहेरच्या टोकाला सरकारची चौकी. गाव, गोड्या पाण्याची विहीर, मसणवट, सगळं चौकीच्या बाहेर. म्हणजे घोटभर पाणी प्यायचं तरी रंगूबाईला चौकीवरून जाणं आलंच. आणि चौकी कशासाठी? तर आम्ही पिकवलेलं मीठ आम्ही घरी नेऊ नये म्हणून! पाणी खाडीचं, ऊन देवाचं, घाम आमचा आणि मीठ मात्र राणीसरकारचं. कालवणात चिमूटभर घालायचं तर बाजारातून जकात भरलेलं आणा. बरं, पावसाळ्याआधी मासे खारवून ठेवले नाहीत तर चार महिने भाताबरोबर काय खायचं, स्वतःची बोटं?

रंगूबाई जन्माची वाकडी नव्हती. मी पाहिली तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन अशी चालायची की बघणारा वाटेतून बाजूला व्हायचा. तिशी उलटली आणि कुठे काय बिनसलं कोण जाणे. आधी उजवा खांदा उतरला, मग कणा एका अंगाला सरकला, मग मान खाली झुकून डावीकडे कलली. बघता बघता पाठीवर हे एवढं कुबड आलं. समोरच्याचं तोंड बघायचं तर तिला अख्खं अंग वळवून तिरपं वर बघावं लागे. डोक्यावर पाटी ठरेना, म्हणून ती कोंडीतलं, म्हणजे वाफ्यातलं, मीठ फावड्यानं ओढायला लागली. माजिवड्याच्या हाडवैद्यानं पाठीला बांबूच्या कामट्या बांधल्या. भगतानं कोंबडा उतरवला आणि घरी नेऊन खाल्ला.

“कोंबऱ्याची मान मोडली नि माजी होती तशीच रायली,” रंगूबाई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

देशावर मोठा दुष्काळ पडला त्याच्या दुसऱ्या वर्षी चौकीवर दौलत जमादार आला. साताऱ्याकडचा गडी, समुद्र कधी बघितलेला नाही. पाणी आपणहून वर येतं आणि आपणहून जातं, हे बघून पहिल्या दिवशी त्यानं भिवा शिपायाला विचारलं म्हणे, “हे सोडतं कोण?” पण ऐट अशी की विचारू नका. आल्या आठवड्यातच त्याला शोध लागला, रंगूबाईच्या कुबडात मीठ आहे!

सगळ्यांदेखत त्यानं तिला बांधावर थांबवलं. “ए बाई, पाठीला काय बांधलंय? सोड.”

“देवानं बांधलंय, जमादार. गाठ मना सुटत नाय. तू बघ सुटते का.”

“सोड म्हणतो ना!”

रंगूबाईनं कळशी खाली ठेवली, त्याच्याकडे पाठ केली आणि पदर खाली घेतला. ती उघडी, वाकडी पाठ, एकेक मणका वर आलेला. कुणी हसलं नाही. माझ्या अंगाची नुसती आग झाली, वाटलं त्याच्या मिशा उपटून खाडीत टाकाव्यात. जमादाराचं तोंड एवढंसं झालं. तो पुटपुटला, “झाक, बाई, झाक,” आणि आत जाऊन बसला.

एक मात्र मान्य करते, माणूस दगड नव्हता. त्याला ते लागलं. दोन दिवसांनी स्वतः बैलगाडी आणून तो तिला ठाण्यातल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं पाठ ठोकून-ठोकून बघितली आणि सांगितलं, हाड आता पक्कं झालंय, सरळ व्हायचं नाही. आणखी वाकू नये म्हणून चामड्याचा पट्टा देतो, आत लोखंडाच्या पट्ट्या आहेत, जागेपणी काढायचा नाही. जमादारानं परत आल्या आल्या शिपायांना तंबी दिली, “बाईच्या पट्ट्याला कुणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे!”

पट्टा कुणा आडमाप माणसाच्या मापाचा होता. कुबडावर बसायचा, पण कुबडाखाली कमरेपाशी अशी पोकळी राहायची की एखादी कोंबडी आत अंडी घालून बसली असती. रंगूबाईनं त्यात हात घालून बघितला, मग अख्खी वळून माझ्याकडे तिरपं बघितलं.

“शेवंते, त्या दिसा माज्या पाठीत मीठ व्हतं का गो?”

“नव्हतं.”

“आळ तर आला.”

“आला की.”

“मग त्यो खोटा कशाला ठेवायचा?”

झालं! त्या दिवसापासून रंगूबाई पाण्याला निघाली की पट्ट्याखाली मिठाची पिशवी. विहिरीवर आम्ही बायका तिच्याभोवती कोंडाळं करायचो, पिशवी रिकामी व्हायची, कळशी भरायची. गावात एकही घर असं नव्हतं जिथे तिचं मीठ शिजलं नाही. पण सापडली असती तर खोपट गेलं असतं आणि तुरुंगाच्या फरशीवर, त्या पाठीनं, निजावं लागलं असतं. मी म्हणायचे, पुरे कर आता. ती म्हणायची, “जमादारानं मना एकदा उगडी केली. आता या पाठीला त्याचा हात लागू देनार नाय, मेली तरी नाय.”

आता भिवाला नको तिथे डोळे. तो जमादाराला म्हणाला, सायेब, बाईचं कुबड कधी लहान दिसतं, कधी मोठं. जमादारानं तिला थांबवलं, पण चार हात लांबून. मागचा धडा लक्षात होता.

रंगूबाई जरासुद्धा गडबडली नाही. “जमादार, खाडीकाठचं कुबड हाय ते. पुनवेला नि अवसेला खाडीला उधाण येतं, तवा चढतं. अष्टमीला पानी मरतं, तवा उतरतं.”

मला खोकला आला, तो मी पदरात कोंबला. पण आमचं गाव! जमादारानं काळुराम कोळ्याला विचारलं, तर तो गळ्याची शपथ घेऊन म्हणाला, “माज्या आत्याचा गुडघा तसाच हाय. आमी भरती त्याच्यावरूनच बघतो.” ज्याला विचारावं तो मान डोलवायचा. एकटा भिवा तेवढा डोकं खाजवत बसला. जमादारानं तेही खरं मानलं. पाणी कुणी न सोडता वर येतं, तर कुबड का येऊ नये?

पण विश्वास ठेवला तरी नजर काही हटेना. रोज संध्याकाळी तो चौकीच्या बाकावर बसायचा आणि तिथी बोटांवर मोजत कुबड तपासायचा. बाकाचं तोंड खाडीकडे, बांध डाव्या हाताला, म्हणून मान डावीकडे वळवून बसायचा. रंगूबाई तिथी चुकायची नाही. पुनवेला भरगच्च, अष्टमीला जेमतेम मूठभर. अशी किती वर्षं गेली, आणि एक दिवस सकाळी जमादाराची मान डावीकडून परत येईना. खाडीचा वारा लागला म्हणा, काही म्हणा, ती वळली ती वळलीच. आम्ही विहिरीवर पोट धरधरून हसलो. बांधावर आता दोन वाकडी माणसं झाली. एक खाली बघणारं, एक डावीकडे बघणारं.

हसली नाही ती रंगूबाई. “दुकत असंल गो त्याला,” म्हणाली. खोपटात मीठ भाजून त्याची पुरचुंडी केली आणि चौकीवर जाऊन त्याच्या मानेला शेक दिला. जमादार डोळे मिटून बसला होता. म्हणाला, “बरं वाटतंय. मीठ कुठलं हे?”

“बाजारचं, जमादार. जकात भरलेलं.”

“हां,” तो म्हणाला. त्यानं डोळे उघडले नाहीत. शेक ती पुढेही देत राहिली. मान सरळ झाली नाही, पण दुखायची थांबली.

मग एका वैशाखात रंगूबाई तापानं गेली. आदल्या संध्याकाळी माझा हात धरून म्हणाली, “शेवंते, मना तिरडीवर सपाट निजवता येनार नाय. पाठीखाली मीठ द्या. पट्टा बांदल्यापासून रिकाम्या पाठीनं मी चौकी कदी वलांडली नाय.” मी म्हटलं, अगं, मढ्याखालचं मीठ कुणी खाईल का? तर म्हणते कशी, “मिठाला विटाळ नसतो गो येडे.”

मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. आम्ही बायकांनी कुबडाच्या दोन्ही अंगांना पिशव्या ठासल्या, वरून पांढरं वस्त्र घट्ट ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सरळ निजलेली दिसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आज अष्टमी! मरण काही तिथी बघून येत नाही.

तिरडी बांधावरून निघाली. काळुराम पुढच्या खांद्याला. चौकीपाशी आली आणि त्याचा पाय लटपटला, तिरडी कलली. भिवा पुढे आला. “म्हातारी नुसती हाडं राहिली होती. एवढी जड कशी?”

त्यानं वस्त्र वर केलं असतं तर चौघे खांदेकरी तुरुंगात, आणि रंगूबाईची पाठ पुन्हा चारचौघांत उघडी. जमादार बाकावरून उठला, वाकड्या मानेनं तिरडीजवळ आला आणि कापडाशी हात नेला. मग तो हात तसाच मागे घेतला.

“शेवंती,” तो म्हणाला, “आज तिथी कोणती?”

समोर खाडीचं पाणी पार मेलेलं. चिखलात होड्या आडव्या पडलेल्या.

“पुनव हाय, जमादार,” मी म्हटलं. “उधाण आलंय.”

त्यानं अंग वळवून तो चिखल नीट बघून घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “हां,” म्हणाला, “आलंय खरं.” मग भिवाला मागे सारून तो काळुरामच्या जागी गेला. मान डावीकडे वळलेली, उजवा खांदा मोकळाच होता. तो त्यानं तिरडीखाली घातला.

“हळू चला रे,” तो म्हणाला, “सांडेल.”