सुनंदाच्या अहवालातली नावं

शाळेत परिपाठ चालू होता तेव्हा गयाबाईंचा फोन आला. सुनंदाच्या आई स्वतःहून कधी फोन लावत नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव दिसताच मी मुलांच्या रांगेतून बाजूला झाले. “मंगल, सुनंदा गेली गं,” एवढंच त्या म्हणाल्या. तिच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी परभणीच्या दवाखान्यात तिला भेटून आल्यापासून ती बरी होऊन येणार, असंच मी सगळ्यांना सांगत होते. त्या फोनला आता काही आठवडे झाले. सेलूत अजूनही माणसं रस्त्यात थांबवून तिच्याविषयी विचारतात, आणि मी दर वेळी अर्धंच सांगून पुढे जाते.

परभणीच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. मी सोनपेठकडच्या बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातली, ती सेलूच्या बौद्ध वस्तीतली. मला पोचवायला आलेल्या आत्यानं तिचं आडनाव विचारलं आणि तिच्यादेखतच मला खोली बदलून घ्यायला सांगितलं. मला कुठं बघावं कळेना. सुनंदा शांतपणे म्हणाली, “आत्या, बदलायची तर बदला. पण खिडकीजवळची खाट मी धरलीय, ती तेवढी मागू नका.” मला हसू आवरेना. आत्या रागावून निघून गेली आणि मी तिथंच राहिले. आमची मैत्री त्या हसण्यातून सुरू झाली.

पुढे मी सेलूच्या शाळेत शिक्षिका झाले आणि ती तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. गयाबाईंचं सारं आयुष्य जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, धुळीत गेलेलं. मुलगी ‘मॅडम’ झाली याचा त्यांना कोण अभिमान! अशात सुनंदानं एका फेलोशिपसाठी अर्ज केला. विषमतेविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि संशोधकांना ही फेलोशिप दोन वर्षं आर्थिक आधार देत असे. मुलाखतीत तिला विचारलं, “तुम्ही कार्यकर्त्या की संशोधक?” ही म्हणाली, “तेच कळावं म्हणून तर अर्ज केलाय.” निवड झाली. विषय होता जिनिंगमधल्या बायकांचं काम आणि त्यांचा खोकला. तिनं कॉलेज सोडलं त्या दिवशी गयाबाई माझ्याकडं येऊन तावातावानं म्हणाल्या, “हिच्या नशिबी जिनिंग नसावं म्हणून मी हिला शिकवलं, अन् ही शिकून जिनिंगातच चालली. सांग की तिला काहीतरी!” मी सांगितलं नाही. सांगून ती ऐकणारी नव्हती, आणि खरं म्हणजे मला तिचा हेवाच वाटला होता.

मुकादमासमोर बायका तोंड उघडत नसत. म्हणून सुनंदा त्यांच्या घरी जाई, भाकरी थापता थापता बोलू देई, मध्येच स्वतः परात ओढून घेई. धुळीनं भरलेली छाती, तान्ह्या लेकरांना कापसाच्या ढिगाच्या आडोशाला निजवणं, संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं... ऐकून आली की ती माझ्या ओट्यावर येऊन बसे. मी चहा ठेवी. तो निवून जाई.

अहवाल फेलोशिपवाल्यांना पाठवण्याआधी बायकांना वाचून दाखवायचा, असं तिनं ठरवलं. वस्तीतल्या विहारात सगळ्या जमल्या. मी मागं बसले होते. कुणावर आच येऊ नये म्हणून तिनं सगळी नावं बदलली होती. पाणी न पिण्याचा भाग आला तशी रजियाबी उठली. गयाबाईंच्या शेजारी काम करणारी, मोठ्या आवाजाची बाई. “ये तो मेरी बात है,” ती म्हणाली. “मेरा नाम कायको निकाले?”

“रजियाचाची, मुकादमाला कळलं तर काम जाईल तुमचं.”

“जाने दे. मैं क्या चोरी करी?”

मग दुसरी उठली, तिसरी उठली. “माझं बी नाव टाक, सुनंदा. आमी काय लपायसारखं केलंय?” सुनंदानं खूप समजावलं, शेवटी ऐकलं. गयाबाई तेवढ्या भिंतीला टेकून बसूनच राहिल्या.

व्हायचं तेच झालं. अहवालाची बातमी छापून आली आणि मुकादमानं रजियाबीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. सुनंदा माझ्याकडं येऊन ढसाढसा रडली. “मी अभ्यास केला, अन् भोगायलीय ती,” एवढंच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माफी मागायला रजियाबीकडं निघाली. मी सोबत होते. वाटेत जिनिंगचं फाटक लागलं. फाटकासमोर गयाबाई एकट्याच मांडी घालून बसलेल्या. “आई, तू?” सुनंदा म्हणाली. त्यांनी वर न बघताच उत्तर दिलं, “रजिया आत गेल्याबिगर मी जायची न्हाई. तू उन्हात उभी ऱ्हाऊ नको.” कामावर आलेल्या बायका एकेक करून त्यांच्याशेजारी बसत गेल्या. कापूस भरलेल्या गाड्या रस्त्यावर खोळंबल्या. दुपारनंतर रजियाबीला बोलावणं आलं. त्याच हंगामात बायकांसाठी संडास बांधला, लेकरांना एक खोली मिळाली. धूळ मात्र आजही तशीच आहे. ‘जिंकलो’ हा शब्द सुनंदानं कधी वापरला नाही.

फेलोशिप संपली, पण ती त्या कामातून सुटली नाही. नवे फेलो तिच्याकडं येऊन राहत. दवाखान्यात, हाताला सुई लावलेली असताना, ती मला सांगत होती, “पालमची एक मुलगी येणाराय. लॉजवर नको जाऊ देऊ. घाबरट हाय, पण लिहिते छान.” शेवटचं बोलणं ते. ती मुलगी आता माझ्याकडं राहते.

परवा संध्याकाळी गयाबाईंकडं गेले. घरात बसवत नाही म्हणून त्या पुन्हा जिनिंगला जाऊ लागल्यात. मी दारातच होते तेवढ्यात त्या आल्या, चपला काढल्या आणि माझ्याकडं पाठ करून उंबऱ्यावर बसल्या, मान खाली घालून. क्षणभर मला कळेना. मग आठवलं... आई कामावरून आली की सुनंदा आधी तिच्या केसांत अडकलेला कापूस वेचायची, मगच दोघी आत जायच्या. मागं सुनंदा नाही, हे गयाबाईंच्याही ध्यानात आलं असावं. त्या उठायला लागल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मागं बसले, आणि पांढऱ्या केसांतून पांढरा कापूस हळूहळू वेगळा करू लागले.