दाराला लावलेला दगड

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना नाही, सरूला तर नाहीच. सरू, माझी बायको — गेल्या श्रावणात गेली. आता सांगून काय उपयोग? काही नाही. तरी ऐका.

तिचा बाप कोकणात विहिरी खणायचा. एकदा दोन काळ्या कातळांच्या मधल्या तांबड्या थरात त्याला एक दगड मिळाला. मुठीएवढा, पण वजनाला लोखंड. लग्नात द्यायला सोनं नव्हतं, म्हणून तोच दिला लेकीला — "आभाळातनं पडलाय, जप." सरूनं तो परळच्या आमच्या खोलीत देवांशेजारी ठेवला.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. बायका मोर्चाला निघाल्या, सरू सगळ्यांच्या पुढं. आणि मी? पोटात दुखतंय म्हणून खोलीत. लाठीला घाबरलो, दुसरं काय! चाळ मला 'सरूचा नवरा' म्हणायला लागली. झोंबायचं.

चाळीतल्या सभेला एक प्रोफेसर आले होते. सरूनं त्यांना दगडाचं सांगितलं. ते म्हणाले, पाठवा, तपासतो. मीच नेऊन दिला. आठ दिवसांनी आणायला गेलो तर मला खुर्ची दिली — मला! म्हणाले, "सासरे खरं बोलले तुमचे. आभाळातलाच आहे. वरचा कातळ व्हायच्या आधी पडलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वी. पृथ्वीचं वय आता अशाच दगडांवरून काढतात. बाईंना घेऊन या एकदा."

घरी आलो. गॅलरीत बायका तांदूळ निवडत होत्या. सरू उठली. "काय म्हणाले ओ?"

मी हसलो. दगड तिच्या पुढ्यात टाकला. "लोहाराच्या भट्टीतला जळका गोळा आहे म्हणाले. बापानं बरी फसवली तुला!"

"म्हणजे सरूचं आभाळ लोहाराच्या दारात पडलं गो!" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. सरू सोडून.

प्रोफेसर एकदा स्वतः आले. जिन्यातच गाठलं त्यांना. बाई गावी गेल्यात, दगड हरवला — म्हणालो. वर सरू भाकऱ्या थापत होती.

तिनंच मग तो देवांतून काढून दाराला लावला, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. पुढं बाप आजारी पडला, पत्र आलं. मीच वाचून दाखवलं — लेकीला एकदा पाठवा. "फसव्याचं तोंड कशाला बघू?" म्हणाली. गेली नाही. तो मेला.

आणि शेवटी, दवाखान्यात — "बापानं असं का केलं असेल ओ?"

मी तिचे पाय चेपत होतो. चेपत राहिलो.

दगड अजून दाराशीच आहे. आज सकाळी सरकवला. पायानंच.