मंडईची तारीख

सुलोचनाबाई गेल्याचा फोन त्यांचे धाकटे भाऊ वसंतराव यांनी केला, तेव्हा गोंदियाच्या आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात पान लावण्याची घाई होती. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या : जिल्ह्याच्या आरोग्य विभागात माहिती संकलनाचे काम, अलीकडेच निवृत्त, मागे आई आणि भाऊ. ओळींत चूक नव्हती. पण बाईंचे काम नेमके काय होते, ते त्यातून कुणाला कळले नसते.

दोन हजार सालानंतर तालुक्यांच्या आरोग्य कार्यालयांत संगणक आले. प्रत्येक ठिकाणी ऑपरेटर वेगळा, तक्ता वेगळा, सवय वेगळी. महिन्याची माहिती सीडीवर घालून बसने गोंदियाला यायची आणि ती एकत्र जुळवायचे काम सुलोचनाबाईंकडे होते. ती जुळत नसे. गरोदर बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली, की ती सणावरून सांगते... पोळ्याच्या आधी, दसऱ्यानंतर, आणि आमच्या भागात हमखास, मंडईच्या वेळी. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा : दुकाने, दंडार हे इथले लोकनाट्य, रात्रीचे नाटक, घरोघरी पाहुणे. तिरोड्याचा ऑपरेटर मंडई म्हणजे भाऊबीज धरायचा. देवरीचा ऑपरेटर तो रकाना रिकामा सोडायचा आणि त्याचा संगणक तिथे आपल्या मनाने एक जानेवारी घालायचा. बातमीसाठी मी गेलो होतो त्या एका बैठकीत दोघांची जुंपली ती आठवते.

"देवरीत समद्या बायांची पाळी एक जानेवारीलेच येऊन राहिली का बे?" तिरोडेवाला म्हणाला.

"मशीनले मंडई समजत नाही ना भाऊ. तिले तारीख पायजे. कोनती देऊ, तूच सांग."

"मी सांगते," सुलोचनाबाई म्हणाल्या. मंडई म्हणजे कार्तिक पौर्णिमा, सगळ्या तालुक्यांत, असे त्यांनी ठरवून दिले. त्यानंतर तक्ते पहिल्यांदा जुळले. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते; त्यामुळे एकच बाई तिरोड्याच्या यादीत सून म्हणून आणि देवरीच्या यादीत लेक म्हणून यायची. आता पाळीवरून काढलेली तिच्या प्रसूतीची तारीख दोन्हीकडे सारखीच दिसू लागली. वरिष्ठांनी कौतुक केले. बाईंनी त्या दिवशी कार्यालयात सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

दुर्गा ही अशीच एक, तिरोड्याजवळच्या गावची सून, माहेर देवरीच्या जंगलपट्टीतले. अंगात रक्त फार कमी. शेवटची पाळी तिनेही मंडईच्या वेळचीच सांगितली होती. तिची प्रसूती गोंदियातच करायची, त्यासाठी तिला आधी आणून ठेवायचे आणि रक्त तयार ठेवायचे, असे ठरले होते. पावसाळ्यात माहेरी तिला कळा सुरू झाल्या. तिथल्या नर्सने तक्ता पाहिला. दोन्ही तालुक्यांची तारीख एकच आणि ती अजून बरीच लांब. या खोट्या कळा असतील, म्हणून तिने आराम करायला सांगितले. नंतर जीप मिळाली तेव्हा नाल्याला पूर होता. दुर्गा वाचली. बाळ वाचले नाही.

सुलोचनाबाई तिच्या माहेरी गेल्या. एका वेगळ्या बातमीसाठी देवरीला जायचे असल्याने मी त्याच गाडीत होतो. दुर्गाच्या आईने पाणी दिले आणि विचारले, "बाई, पोरगी भाऊबीजेले आली, मंडई करून सासरी गेली, त्याच हप्त्यातली तिची पाळीची तारीख. आमची मंडई तं भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी राहते. तुमाले बारा दिवसांनंतरच्या पुनवेची कोनं सांगतली?"

"कोनं नाही. मीच ठरवली," सुलोचनाबाई म्हणाल्या.

परतताना गाडीत बाई एवढेच म्हणाल्या, "दोन तालुके वेगळं लिहीत होते, तवा निदान भांडण तरी व्हायचं. मी भांडण मिटवलं... अन् चूक झाकली."

त्यांनी नियम बदलला. तारीख ठरवण्याआधी बाईने सांगितलेली मंडई कोणत्या गावची, हे लिहायचे. मग त्या गावची खरी तारीख सगळ्या संगणकांत एकच घालायची. ऑपरेटर वैतागले, कारण मंडई दर गावाची निराळी, आणि नाटक मंडळी कधी मिळते त्यावर तीही दरवर्षी सरकते. म्हणून दिवाळीच्या आधीपासून बाई गावोगावी स्वतः फोन करायच्या. "नाटकाले येता का बाई, का नुसत्या तारखाच गोळा करता?" अशी त्यांची थट्टा व्हायची. पुढे गावे आपणहून कळवू लागली. नंतर नव्या तपासण्या आल्या, नर्सच्या हाती मोबाइल आला, तारखेसाठी मंडईवर अवलंबून राहणे कमी झाले. पण निवृत्तीनंतरही बाई त्या तारखा घेऊन तालुक्यांना कळवत राहिल्या.

या दिवाळीच्या तोंडावर वसंतरावांना भेटायला गेलो. बाईंचा मोबाइल त्यांच्या खोलीत खिडकीशी चार्जिंगला लावलेला होता. आई तो बंद करू देत नाहीत. आम्ही बसलो असतानाच तो वाजला. वसंतरावांनी स्पीकरवर घेतला.

"बाई, राम राम. आमची मंडई यंदा भाऊबीजेनंतरच्या सोमवारी हाय जी. लिहून घ्या."

वसंतरावांनी बाई गेल्याचे सांगितले. मग तोच आवाज हळू म्हणाला, "बरं जी... पण लिहून घ्या. सोमवारी हाय."

वसंतरावांनी पेनासाठी माझ्याकडे हात केला.