दोनातोच्या खिडकीतला फोटो

कीथली गावात जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या क्लिफर्डला एका मॉडेलिंग एजन्सीचा फोन आला. पिकल्या केसांच्या पुरुषांना म्हणे हल्ली मागणी आहे. फक्त चाचणीच्या दिवसाचे दोनशे पौंड आधी भरायचे. तेव्हापासून स्वारी आरशासमोरून हलेना.

त्याचा तरी काय दोष? विशीत असताना दोनातो न्हाव्याने त्याचा फोटो दुकानाच्या खिडकीत लावला होता. गावातली पोरं त्याकडे बोट दाखवून "असे काप" म्हणायची. उन्हाने फोटो निळा पडला, तरी दोनातोने तो काढला नाही.

"दोनातोने किती घेतले होते रे?" चहा ओतत बायकोने, ग्लेनिसने विचारलं.

"घेतले? वर्षभर फुकट केस कापले त्याने."

"डोकंभर केस होते तेव्हा फुकट, आणि आता निम्मे उरलेत तर पैसे मोजायचे?"

क्लिफर्ड हसला, पण फोन काही सोडेना. "निदान कुणी बघेल तरी, ग्लेनिस."

"मी बघत होते की. त्या खिडकीपायी कितीदा बस सोडली मी."

हे त्याला आजच कळत होतं. त्याने एजन्सीला नको म्हणून कळवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"कुठली गं बस?"