पहिल्याच हाकेला उठलेला माणूस

"शेख रज्जाक शेख गुलाब!"

आमच्या शिपायाने, वानखडेंनी, दारातून हाक मारली आणि बाकावरचा एक माणूस ताडकन उठला. पहिल्याच हाकेला. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

का, ते सांगते. मी दुय्यम निबंधक होते, म्हणजे जमिनीची खरेदी-विक्री जिथे पक्की होते त्या ऑफिसातली साहेब. मूळची अकोल्याची, तेव्हा पोस्टिंग अमरावतीकडे. विकणारा माझ्यासमोर येतो, 'होय, मीच विकतोय' म्हणतो, फोटो आणि अंगठा देतो आणि मी सही करते. सही झाली की जमीन गेली. पुढे झिजवा कोर्टाच्या पायऱ्या.

आणि आमच्या वऱ्हाडातला माणूस कागदावरच्या नावाला पहिल्या हाकेत कधी ओ देत नाही. घरीदारी तो बाळू असतो, भाऊ असतो, पापा असतो. वानखडे घसा ताणून पूर्ण नाव घेतात आणि हा गडी इकडेतिकडे बघतो, बुवा कोणाला बोलावतात म्हणून. शेवटी शेजारचा कोपर मारतो, "अबे, तुलेच बोलावून राहिले ना!" हा पठ्ठ्या मात्र शाळेतल्या हजेरीसारखा उठला.

कागद चोख होते. भातकुली रस्त्याला लागून तीन एकर, विहीर, फुलांची शेती. सातबारा बरोबर. मतदान कार्डाची मात्र झेरॉक्सची झेरॉक्स. फोटोत माणूस आहे की भोपळा, तेही कळेना. ओरिजिनल म्हणे घरी राहिलं. सोबत खरेदीदार, दलाल आणि ओळख पटवणारे दोघं साक्षीदार. 'आम्ही या माणसाला ओळखतो' असं सांगून सही करायची, एवढंच या साक्षीदारांचं काम.

कापसाने पार रडवलेली वर्षं होती ती. रोज कोणी ना कोणी वावर विकायला यायचं. त्यामुळे विकणाऱ्याचं कुणालाच नवल वाटत नसे, आणि चोराला असाच काळ बरा.

"मॅडम, पटकन करा ना. पार्टीले नागपूरले जायचं हाये," दलाल म्हणाला.

मी विकणाऱ्याकडे वळले. "घरी काय म्हणतात तुम्हाला?"

"रज्जाकच म्हनते."

"आणि गावात?"

"रज्जाकभाई."

"लहानपनापासून रज्जाकभाईच म्हनतो आमी, मॅडम," दोन्ही साक्षीदार एका सुरात.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि बाहेर व्हरांड्यात आले. कागदावरच्या गावचं कोणी आहे का, विचारलं. भावासोबत हक्कसोडपत्र करायला आलेल्या कमलाबाई पुढे आल्या. बहिणीने वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडायचा, तो कागद.

"रज्जाकभाई ओळखता?" मी हळूच विचारलं.

"असा कोनी मानूस नाही बाप्पा आमच्या गावात."

"शेख गुलाब यांचा मुलगा."

"अवं माय! मंग बब्बूभाई म्हना ना! फूलवाले!"

मी खिडकीतून आतला माणूस दाखवला. कमलाबाईंनी डोळे बारीक केले. "हा? हा काहून बब्बूभाई होईन? बब्बूभाई सकाऊन फुलांचं टोपलं घेऊन आमच्याच जीपमंदी होते!"

खोटं सांगत नाही, भीतीपेक्षा मजाच जास्त वाटली. इतकी वर्षं शिक्के मारले. असा मासा कधी गळाला लागला नव्हता. वानखडेंना मोटरसायकलवर फुलबाजारात पिटाळलं. "काही सांगू नका. मॅडमने बोलावलं, एवढंच."

आता या टोळीला थोपवायचं कसं? मला अटकेचा अधिकार नाही. मला फक्त वेळ लावायचा अधिकार, आणि सरकारी नोकरीत तो भरपूर मिळतो. मी अंगठा घेतला. पुसट आला म्हटलं. हात धुवून या. आता ओला आहे, पुसा. दुसरं बोट दाखवा. परत अंगठा. शेवटी म्हटलं, "कॉम्प्युटर अडकलाय. बाकावर बसा, हाक मारते." दलाल घड्याळ बघत येरझारा घालू लागला. स्टॅम्प लावलेलं खरेदीखत माझ्या टेबलावर होतं, ते टाकून जाणार कुठे? तेवढ्यात मी पोलीस स्टेशनला फोन लावला.

वानखडे परत आले. मागे एक उंच, सडपातळ गृहस्थ. हात झेंडूने पिवळे, खांद्यावर ओला पंचा. गर्दीत एका बाजूला उभे राहिले.

मग मीच दारात गेले आणि खणखणीत आवाजात ओरडले, "शेख रज्जाक शेख गुलाब!"

खोटा ताडकन उठला.

खरा मान वळवून बघायला लागला, कोण बुवा हा!

मला हसू आवरेना. कमलाबाईंनाही राहवलं नाही. "अवो बब्बूभाई, तुमचंच नाव हाये थे! थो तुमचं वावर इकून राहिला!"

बब्बूभाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्या माणसाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. माझं हसू तिथेच विरलं. दोन्ही साक्षीदार फाटकाकडे पळाले, एकाची चप्पल तिथेच राहिली. कमलाबाईंच्या भावाने आणि चार-पाच जणांनी फाटक अडवलं. दलाल भिंतीवरून सटकला. त्याला पोलिसांनी नंतर उचललं. खोटा रज्जाक मात्र बाकाजवळ पुतळ्यासारखा उभा. खरेदीदार आ वासून बघत होता; त्यालाही गंडवलंच होतं. पोलीस आले आणि खोट्याला नि दोन्ही साक्षीदारांना घेऊन गेले.

"मॅडम, मी तं फुलं तोलून राहिलो होतो," बब्बूभाई म्हणाले, "अन् इकडे माह्यं वावर चाललं होतं. या अल्ला!"

कागद कसे गेले? याच दलालाने चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, ड्रिपचं अनुदान मिळवून देतो. बब्बूभाईंनी विश्वासाने कार्डाची झेरॉक्स आणि सातबारा देऊन टाकला. तेवढ्यावर दुसरा बब्बूभाई तयार झाला.

तेव्हापासून मी येईल त्याला सांगत आले. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारा. कशासाठी दिली, कोणाला दिली आणि तारीख लिहा, खाली सही करा. अक्षरं छापील भागावर चढू द्या, म्हणजे कापून काढता येणार नाहीत. ओरिजिनल हातचं सोडू नका. अनुदानवाला घाई करत असेल तर त्याला चहा पाजा, कागद देऊ नका. आणि हो, आपलं कागदावरचं नाव एकदा पाठ करा.

बब्बूभाईंनाही हे सगळं बजावलं होतं. पुढच्या वर्षी ते आपल्या बायकोच्या नावे एक एकर बक्षीसपत्राने करून द्यायला आले. ओरिजिनल कार्ड हातात, प्रत्येक झेरॉक्सवर ठसठशीत रेघ. मी मनात म्हटलं, शिकला गडी.

वानखडेंनी हाक मारली. कोणी उठलं नाही. पुन्हा मारली. बब्बूभाई मान उंचावून गर्दीत कोणाला तरी शोधत होते. तिसऱ्या हाकेला बायकोने कोपर मारलं, तेव्हा ते दचकून उठले.

माणूस खरा होता. मी सही केली.