हो, तुम्हालाही!

आमच्या वाचन-मंडळाचे किस्से फ्रिजवरच्या मॅग्नेटसारखे साठलेत. कोणी आणले आठवत नाही, आणि काढून टाकवतही नाहीत! सिंगापूरमधली सात-आठ मराठी घरं, महिन्यातला एक रविवार, चिवडा आणि एक पुस्तक. २०१५च्या सुमारास मी कॉलेजात शिकलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन वास्तववादी कादंबऱ्या मंडळाच्या गळ्यात मारल्या. त्यात माणूस वर चढतो, बड्या घराण्याशी सोयरीक जुळवतो, आणि शेवटी भल्यामोठ्या घरात त्याच्याशी बोलायला कोणी उरत नाही.

मला वाटलं, मोठ्यांना जरा झोंबेल. कसलं काय!

*

मंडळातले केळकरकाका तावातावाने म्हणाले, "नायकाला जुने शेजारी नकोसे होतात, हे मला अजिबात पटलं नाही!"

काका नुकतेच क्वीन्सटाउनच्या सरकारी फ्लॅटमधून महागड्या कॉन्डोत गेले होते. निघताना चपला घालत त्यांनी माझ्या पप्पांना विचारलं, "तुम्ही अजून सेंगकांगच्या फ्लॅटमध्येच?"

*

बापाच्या गावठी बोलण्याची लाज वाटणाऱ्या मुलीबद्दल वाचताना केळकरकाकू चक्क रडल्या. त्याच संध्याकाळी स्विमिंग पूलवर, कॉन्डोतल्या बायकांसमोर, त्यांची ईशा ओरडली, "आई, भूक लागली!"

"इंग्लिशमध्ये, ईशा," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मम्मी, हंग्री लाऽऽ!" ईशाने अस्सल सिंगापुरी इंग्लिशमध्ये बोंब ठोकली.

"मराठीच बोल बाई तू!"

*

पप्पा मात्र वेगळ्याच कारणाने तापले. "या लेखकांचं काय जातं? गरिबाच्या पोरानं वर चढूच नये का?"

"चढावं की. पण घरच्यांना खाली ठेवून?"

"तुला एकही पायरी चढावी लागली नाही," पप्पा शांतपणे म्हणाले.

 

*

आमच्याकडे फोन 'जय भीम'ने सुरू होतो आणि 'जय भीम'नेच संपतो. नागपूरहून आजोबांचा फोन आला की घरात पप्पांचं उत्तर खणखणीत असतं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मात्र ते म्हणायचे, "हो, तुम्हालाही!"

"पप्पा, इथे मराठी कोणाला कळतंय?"

"केळकर याच लाइनवर असतात."

*

शेवटच्या इटालियन कादंबरीची चर्चा उरकून आम्ही हार्बरफ्रंटहून परतत होतो. पप्पा, मी आणि समोर पुस्तकात डोकं घातलेले केळकरकाका. पप्पांचा फोन वाजला. आजोबा फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"आधी सांग, गाडीत आहेस का घरी?"

"गाडीत, बाबा."

"मग राहू दे. घरी गेल्यावर म्हणू."

 मधलंच एक स्टेशन आलं, दार उघडलं, आणि फोन कानाला तसाच लावून पप्पा खाली उतरले. मग वळले आणि दार लागायच्या आत इतक्या मोठ्यांदा म्हणाले की अख्खा डबा बघायला लागला, "जय भीम, बाबा!"

दार लागलं. गाडी सुटली.

केळकरकाकांनी पुस्तक मिटलं.

"अगं, हे का उतरले? तुमचं स्टेशन कुठे आलंय अजून!"