फर्डिनंडने ट्रम्पेट खाली घेतला तेव्हा

भुईगावात फर्डिनंडच्या ट्रम्पेटशिवाय वरात निघत नाही. ख्रिस्ती घर असो की वाडीवाल्या हिंदूचं, पुढे हा ठेंगणा माणूस असतोच. बरीच वर्षं तो दिवसा वालीवच्या कारखान्यात पत्रे कापायचा आणि संध्याकाळी अंगणात मुलांना फुकट शिकवायचा. नोकरी संपली, शिकवणं चालूच राहिलं.

आधी सगळे मुलगेच होते. मग एके दिवशी कुंपणापलीकडे गंगारामची नेत्रा दिसली. ट्रम्पेटची बटणं दाबावीत तशी तिची बोटं तारेवर हलत होती. फर्डिनंडने तिला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी गंगाराम केळीच्या वाडीतून चिखलाच्या पायांनी तसाच आला.

"लोकांच्या लग्नात माझी पोरगी बाजा वाजवणार?"

"लोकांच्याच रे. स्वतःच्या लग्नात नाही वाजवणार."

गंगारामला हसू आलं आणि तिथेच तो हरला. आज बॅण्डमध्ये निम्म्या मुली आहेत आणि दुसरा ट्रम्पेट नेत्राचा आहे.

या बॅण्डची एक खूण होती. वरात नाचात अडकली, गाणं संपत आलं तरी नवरी दारापर्यंत पोचली नाही, की फर्डिनंड ट्रम्पेट ओठांवरून खाली घ्यायचा. म्हणजे, पुन्हा पहिल्यापासून. ढोलाच्या गदारोळात बोललेलं कुणाला ऐकू येणार?

यंदा प्रजासत्ताक दिनाला एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीने त्यांना बोलावलं. राष्ट्रगीत दरवर्षी स्पीकरवर लागायचं. या वेळी माणसं वाजवतील, असा सेक्रेटरी सुधाकर प्रधानांचा हट्ट होता. कमिटीतल्या काहींना झेंड्यापुढे लग्नाचा बॅण्ड नको होता. चुकले तर पुन्हा बोलवायचं नाही, असं ठरलं. सुधाकरांनी ते फर्डिनंडपासून लपवलं नाही.

नेमके डिसेंबरात फर्डिनंडचे पुढचे दात गेले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या ओठांना त्याच दातांचा आधार. नवी कवळी बसली, पण उंच सुराला हलायची.

"अंकल, राष्ट्रगीताला मी पुढे उभी राहते ना," नेत्रा म्हणाली.

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कवळी काय मुळं धरणार आहे?"

"गंगारामची मुलगी शोभतेस. तुला सगळीकडे रोपंच दिसतात."

तो हसला, पण हटला नाही. शाळेच्या झेंड्यापुढे त्याने राष्ट्रगीत पहिल्यांदा वाजवलं तेव्हा तो सातवीत होता. त्यानंतर एकही वर्ष सुटलं नव्हतं. ते सुटलं तर आपण कोण उरतो, हे त्याला कळत नव्हतं.

सकाळी झेंडा उलगडला. पाकळ्या खाली आल्या. लहानमोठे सगळे सावधान उभे राहिले. फर्डिनंडने सूर लावला. स्वच्छ लागला. अर्ध्यावर सूर वर चढला आणि कवळी सुटली.

ट्रम्पेट ओठांवरून खाली आला.

बॅण्डमधल्या एल्रॉयची क्लॅरिनेट थांबली. पहिल्यापासून सुरू करायला त्याने श्वासही घेतला. ढोलाची काठी हवेत अडखळली. फर्डिनंडने डोळे मिटून घेतले. मागे फिरायची ही सवय त्यानेच त्यांच्या अंगात मुरवली होती. आणि आता नको म्हणायला तोंड उघडलं तर कवळी खाली पडणार होती.

नेत्राने खूण पाहिली होती. ती थांबली नाही. पुढची ओळ तिने एकटीने उचलली. सूर जरा थरथरला, पण पुढेच गेला. एल्रॉयने घेतलेला श्वास तिच्या सुरात सोडला. मग ढोल आला. मग सगळे आले.

फर्डिनंडच्या हातांना काही काम उरलं नाही. त्याने ट्रम्पेट बाजूला धरला आणि इतरांसारखा ताठ उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्याला फक्त स्वतःचा सूर सांभाळणं ठाऊक होतं. खालून चालणारी क्लॅरिनेट, ढोलाची संथ पावलं, यातलं काहीच त्याच्या कानी पडलं नव्हतं. आज पडत होतं.

शेवटचा सूर संपला. जयजयकार झाला. सुधाकर लांबूनच हात उंचावून हसत होते. नेत्रा धावत आली.

"अंकल, तुमची खूण मोडली मी. रागावलात?"

त्याने तोंडावर रुमाल धरला होता. डोळे वाहत होते.

"अगं, किती सुंदर आहे ते," तो बोबडं बोलला. "मला कुणी सांगितलंच नाही."